सर्टिफिकेट नसलेली पाच वर्षं

मला सगळ्यात जास्त कुणी घडवलं असं कुणी विचारलं तर मी थांबून विचार करत नाही. माझ्या आत्याने. वडिलांची थोरली बहीण. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडसमोर तिचं वह्या-पुस्तकांचं आणि शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच होती. आई-वडील दोघंही कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचे. पाचवीला आत्या मला आपल्याकडे घेऊन गेली आणि बी.कॉम. होईपर्यंत तिने मला ठेवून घेतलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. निकाल लागला त्या दिवशी तिने अर्ध्या बाजारात पेढे वाटले, मला शर्टाचं कापड दिलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "आजपासून गल्ल्याच्या या बाजूला तू दिसायचा नाहीस."

तिचं म्हणणं मी दहा वर्षं पाळलं. पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला लागलो, लग्न झालं, बायकोला तिच्या सॉफ्टवेअर कंपनीने न्यू जर्सीला पाठवलं आणि मी तिच्यासोबत तिथल्या एडिसन गावी आलो. तिच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला काम करायची परवानगी लगेच मिळत नाही. अडीच वर्षं मी घरी होतो. स्वयंपाक शिकलो, गाडी शिकलो, लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली. गावाकडून फोन आला की "कंपनीचं चाललंय ना नीट?" असं विचारायचे आणि मी "हो, चाललंय" म्हणायचो. कंपनी बायकोची, एवढंच सांगायचं राहून जायचं.

मग एका शनिवारी टपालपेटीत ते कार्ड आलं. माझा फोटो, माझं नाव आणि काम करायची परवानगी. मी जिना चढताना ते तीनदा काढून बघितलं. बायको म्हणाली की आता शांतपणे अकाउंट्समधली नोकरी शोध, घाई नाही. पण मला घाई होती. मला सोमवारी सकाळी डबा घेऊन कुठेतरी जायचं होतं. अकाउंट्ससाठी इथली परीक्षा, इथला अनुभव, हे सगळं पुढे होईलच. आधी इथल्या माणसांशी रोज बोलायला मिळेल असं काम पाहिजे, असं माझ्या मनाने घेतलं होतं, आणि आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या दुकानाच्या दारावर कागद लावलेला होता: कॅशियर पाहिजेत.

बायकोच्या ऑफिसमधला एक पुणेकर मित्र आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याचं म्हणणं, ओक ट्री रोडवर कुठल्याही आपल्या भारतीय दुकानात विचार, उद्यापासून ये म्हणतील. ते खरंही असेल. पण मला रीतसर अर्ज करून, मुलाखत देऊन लागायचं होतं. इतकी वर्षं घरी बसल्यावर कुणीतरी मला निवडावं, असं वाटत होतं. आज लिहिताना थोडं हसू येतं, पण तेव्हा फार मनापासून वाटत होतं.

रेझ्युमे माझ्याकडे तयारच होता, पुण्याचा. सगळ्यात वर फोटो. मग वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, विवाहित, दहावीची टक्केवारी, बारावीची टक्केवारी, छंद: वाचन आणि क्रिकेट. शेवटी "वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे" असं प्रतिज्ञापत्र आणि सही. तो मी दोन मोठ्या दुकानांना पाठवला. दोन्हीकडून दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. उत्तर इतक्या लवकर आल्याचा मला एक मिनिटभर आनंद झाला. मग वाचलं. दोन्ही नकार, आणि जवळपास एकाच मजकुराचे.

वरच्या मित्राने रेझ्युमे बघितला आणि पोट धरून हसला.

"अरे यार, हे मुलगी बघायला पाठवलंयस का?"

मग त्याने मला युक्ती सांगितली. पहिल्यांदा रेझ्युमे माणूस वाचत नाही, सॉफ्टवेअर वाचतं. ते जाहिरातीतले शब्द शोधतं. म्हणून जाहिरातीत जेवढे म्हणून शब्द आहेत तेवढे सगळे आपल्या रेझ्युमेत घालायचे, आणि शिवाय पानाच्या तळाशी अख्खी जाहिरात पांढऱ्या अक्षरांत चिकटवून द्यायची. पांढऱ्यावर पांढरं, माणसाला दिसत नाही, मशीनला दिसतं. मी एका संध्याकाळी बसून तसं केलं. कॅश हँडलिंग, सेल्फ-चेकआउट, लॉटरी टर्मिनल, कस्टमर सर्व्हिस, पुन्हा कॅश हँडलिंग. तिसऱ्या दुकानाला पाठवला आणि चौथ्या दिवशी फोन वाजला.

फोनवरची बाई फार गोड बोलत होती. मी उभा राहून बोलत होतो, एका हातात पोळीचं पीठ. तिने विचारलं की तुम्ही कोणकोणती लॉटरी टर्मिनल्स वापरली आहेत. मी आयुष्यात लॉटरीचं तिकीटसुद्धा विकत घेतलेलं नाही. कसली टर्मिनल्स, मी विचारलं. ती म्हणाली, तुमच्या रेझ्युमेत तीन ठिकाणी लिहिलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं की मी ते वापरलेलं नाही. तिने आभार मानले, मी आभार मानले, चार मिनिटांत फोन संपला. कान गरम झाले होते. तरीही खरं सांगायचं तर त्या शरमेच्या खाली एक उत्साहही होता: या देशात मला कामासाठी फोन येऊ शकतो, हे मला कळलं होतं.

आमच्या लायब्ररीत मंगळवारी दुपारी नोकरी शोधणाऱ्यांना मदत करायला एक मराठी काकू बसतात. चाळीसएक वर्षांपूर्वी डॉक्टर नवऱ्याबरोबर मुंबईहून आल्या. नवऱ्याचं शिक्षण इथे पुन्हा चालू असताना पहिली सहा वर्षं त्यांनी एका सुपरमार्केटमध्ये काउंटरवर काम केलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझी फाइल कॉम्प्युटरवर उघडली, वरून खाली वाचली आणि सवयीने माउस पानाच्या तळापर्यंत ओढला. रिकाम्या जागेत निळ्या पट्ट्यांवर अख्खी जाहिरात उमटली, पगारासकट.

काकू माझ्याकडे वळल्या.

"हे कुणी शिकवलं?"

"मित्राने."

"त्याला नोकरी आहे ना? मग त्याला काय जातंय."

त्यांनी ती सगळी अक्षरं एका फटक्यात उडवली. मग विचारलं की अमेरिकेत यायच्या आधी दुकानात कधी उभा राहिला होतास का. मी म्हटलं, तसं काही नाही, घरचंच होतं, आत्याच्या दुकानात बसायचो. किती वर्षं, त्यांनी विचारलं. आठवीपासून शाळा सुटल्यावर बसायचो, आणि अकरावीपासून बी.कॉम. होईपर्यंत दुपारनंतर पूर्ण काउंटर माझ्याकडेच असायचं.

"आणि हे कुठे लिहिलंयस?"

"लिहिलं नाही. त्याचं सर्टिफिकेट नाहीये, काकू."

त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे लॉटरीचं मशीन बघितलं नाहीस ते तीनदा लिहिलंस, आणि पाच वर्षं काउंटर सांभाळलंस ते आत्याने लेटरहेडवर शिक्का मारला नाही म्हणून पुसून टाकलंस?"

मला हसावं की रडावं कळेना. पण त्या बोलल्या ते अगदी तसंच होतं. आमच्याकडे कागद असल्याशिवाय अनुभव हा अनुभवच नसतो. पुण्याच्या प्रत्येक मुलाखतीत अनुभव प्रमाणपत्राच्या तीन प्रती लागायच्या. ज्याला शिक्का नाही ते मी आयुष्यातून वजा करायला शिकलो होतो, आणि माझं मलाच ते कळलं नव्हतं.

काकूंनी घराजवळच्या त्या दुकानाची ऑनलाइन जाहिरात छापून आणली आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. त्यांची पद्धत साधी होती. जाहिरातीतल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायची. रेघेसमोर मी स्वतः केलेली एक गोष्ट लिहायची, जागा आणि दिवस आठवत असलेली. आठवली तर शब्द ठेवायचा, आणि तो जाहिरातीत जसा आहे तसाच ठेवायचा, कारण मशीन तोच शोधतं. आठवली नाही तर शब्द खोडायचा. आणि कुठलाही शब्द दोनदा नको. मशीन एकदाच मोजतं आणि माणूस दुसऱ्यांदा वैतागतो, असं त्या म्हणाल्या.

लॉटरी खोडली. सेल्फ-चेकआउट, म्हणजे गिऱ्हाईक आपलं बिल आपणच करतं ते मशीन, खोडलं. मग "गर्दीच्या वेळी वेगाने काम" असा अर्थ असलेला शब्द आला आणि मी हसायलाच लागलो. जूनचा पहिला आठवडा. स्टँडवरून उतरलेली माणसं थेट आमच्या पायरीवर, प्रत्येकाच्या हातात शाळेने दिलेली यादी, पोरं गणवेश अंगाला लावून बघताहेत, आणि मी एका हाताने वह्यांचे गठ्ठे सोडतोय आणि दुसऱ्याने बिल करतोय. काकू म्हणाल्या, लिही. मालाची नोंद ठेवणं: गुढीपाडव्यानंतर गोदामातल्या वह्या, शंभर पानी, दोनशे पानी, चौरेघी, सगळ्या मी मोजायचो. लिही. संध्याकाळी गल्ला जुळवणं: रोज. लिही. पीओएस सिस्टीम. इथे मी पेन्सिल खोडायला नेली, तर काकूंनी हात धरला. दुकानात बारकोड वाचायचं मशीन होतं का? होतं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आत्याने बिलाचा कॉम्प्युटर घेतला होता. चार हजार वस्तूंची नावं मीच त्यात भरली होती, दिवाळीच्या सुट्टीत, एकट्याने. त्यालाच इथे पीओएस म्हणतात, काकू म्हणाल्या.

मी खुर्चीत सरळ बसलो. आत्याचं दुकान, ते पत्र्याचं शटर, ते टेबल, सगळं माझ्यासमोर इंग्रजीत उभं राहत होतं आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सोळाव्या वर्षाच्या आधीचं काकूंनी लिहू दिलं नाही. फोटो काढला, टक्केवारी काढली, प्रतिज्ञापत्र काढलं. वडिलांचं नाव काढताना मला वाईट वाटलं. बापाचं नाव नसलेला कागद मी आयुष्यात कुठे दिला नव्हता. काकूंना ते दिसलं असावं. त्यांच्या पहिल्या अर्जातून नवऱ्याचं नाव काढायला लागलं तेव्हा त्या संध्याकाळी जेवल्या नव्हत्या, असं त्यांनी सांगितलं. आणि भाषा कुठल्या येतात हे मी लिहिलंच नव्हतं. मराठी, हिंदी, थोडी गुजराती. "एडिसनमध्ये दुकानात उभा राहणार आणि हे लपवून ठेवलंस?" म्हणून त्यांनी ती ओळ वर नेली. एक पान झालं. दारावर कागद लावलेल्या त्या जवळच्या दुकानाला मी ते त्याच दिवशी, लायब्ररीतूनच पाठवलं.

दोन दिवसांनी मुलाखतीला बोलावलं. मी चालत गेलो. त्या रस्त्याला फुटपाथ मध्येच संपतो आणि गवतातून जावं लागतं, म्हणून बूट पुसायला खिशात फडकं ठेवलं होतं.

ते दुकान एका कुटुंबाचं आहे, त्यांची अशी तीन आहेत. मॅनेजर पन्नाशीच्या, उंच बाई, स्वतः काउंटरवरून वर आलेल्या. माझं पान त्यांच्यासमोर होतं आणि त्यावर त्यांनी पेनाने खुणा केल्या होत्या. प्रत्येक खुणेवर विचारलं आणि प्रत्येक खुणेमागे माझ्याकडे सांगायला काहीतरी होतं. मला घाम आला नाही, शब्द अडले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं की रांगेत आठ माणसं आहेत आणि पहिल्याच बाईचं कार्ड चालत नाहीये, काय कराल.

मी आत्या काय करायची ते सांगितलं. कुणाचं काही अडलं तर ती त्यांचा गठ्ठा उचलून बाजूला ठेवायची, पण त्यांच्या नजरेसमोर, मागच्या फळीवर कधीच नाही. वर त्यांच्या पोराचं नाव लिहिलेली चिठ्ठी. मग पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं आणि मधूनमधून आधीच्या माणसाशी बोलत राहायचं, पोरगा कितवीला गेला, मास्तर कोण आहेत, म्हणजे आपल्याला बाजूला काढलं असं त्याला वाटत नाही. मॅनेजरबाईंनी हे लिहून घेतलं. मला वाटलं माझ्याबद्दल काही लिहिताहेत. त्या म्हणाल्या की आमच्या नव्या लोकांना शिकवायला लिहितेय.

मग त्या म्हणाल्या की पूर्वीच्या एका मालकाशी बोलायचं आहे, कुणाचा नंबर देता. इथे मी अडलो. पुण्याच्या साहेबांचा नंबर पाठ होता. ते इंग्रजी बोलतात, माझ्याबद्दल चांगलंच बोलले असते, आणि गावाकडे कुणाला काही कळलं नसतं. पण त्यांनी मला एकाही गिऱ्हाइकासमोर उभं राहिलेलं पाहिलेलं नाही. पाहिलं होतं ते आत्याने, आणि तिनेच मला गल्ल्यापासून उठवलं होतं. परदेशातून फोन जाणार आणि आपला भाचा तिकडे कॅशियर व्हायला निघालाय हे तिला परक्या माणसाकडून कळणार. समोर कागद होता, पेन होतं आणि बाई वाट बघत होत्या.

"माझी आत्या," मी म्हटलं. "तिला इंग्रजी येत नाही."

त्यांनी मान हलवली. नातेवाईक सहसा चालत नाहीत, पण पाच वर्षांची मालकीण असेल तर बोलते, म्हणाल्या. भाजी विभागात एक गुजराती गृहस्थ आहेत, ते हिंदीत बोलतील. सोमवारी सकाळी.

सोमवारचा तो फोन चाळीस मिनिटं चालला, हे मला त्या गुजराती भाईंनी नंतर सांगितलं. सात मिनिटांत त्यांचे प्रश्न संपले होते. उरलेला वेळ आत्या विचारत होती. तुमच्याकडे सुट्टी कधी असते, जेवायला किती वेळ देता. काउंटरवरच्या माणसाला बसायला स्टूल देता का, हे तिने दोनदा विचारलं. इथे कॅशियर उभ्यानेच काम करतात असं ऐकल्यावर ती म्हणाली की हे बरोबर नाही, तुमच्या मॅनेजरबाईंना सांगा. भाईंनी सांगितलं. त्याच दुपारी मला होकाराचा फोन आला. मी गुरुवारी रुजू झालो. आठ तास उभा होतो आणि संध्याकाळी घरी चालत येताना मला पळावंसं वाटत होतं.

पण आत्या असं बोलू शकली ती आधी तिला सगळं ठाऊक होतं म्हणून. तिला फोनवर कमी ऐकू येतं. मुलाखतीहून आल्या आल्या मी कागद घेऊन बसलो, लिहिलं, त्याचा फोटो आतेभावाला पाठवला आणि त्याने दुकानातल्या मशीनवर तो मोठ्या अक्षरांत छापून तिच्या हातात दिला. त्या पत्राची मूळ प्रत माझ्याकडे आहे. ती इथे देतो.

प्रिय आत्या,

हे वाचताना बस, उभ्याने वाचू नकोस. तब्येत सगळ्यांची चांगली आहे, घाबरण्यासारखं काही नाही. उलट मी इतका खूश आहे की अक्षर धड येत नाहीये.

आधी एक कबूल करतो. अडीच वर्षं मी इथे कुठल्याही कंपनीत नव्हतो. तुझी सूनबाई नोकरी करते, मी घर सांभाळत होतो. तू विचारायचीस तेव्हा मी "चाललंय" म्हणायचो. मला परवानगी नव्हती, त्यात माझा काही दोष नव्हता, तरी सांगायची लाज वाटली. ती चूक झाली.

आता परवानगी मिळाली आहे आणि आज मी एका किराणा-भाजीच्या मोठ्या दुकानात कॅशियरच्या जागेसाठी मुलाखत देऊन आलो. म्हणजे तू मला जिथून उठवलंस तिथेच मी पुन्हा बसायला निघालो आहे. तुला राग येईल. तू माझ्यासाठी काय काय केलंस ते मला माहीत आहे आणि ते वाया गेलं असं तुला क्षणभरही वाटू नये म्हणून हे लिहितोय.

आत्या, आज त्या बाईंनी मला तासभर प्रश्न विचारले आणि मी सगळी उत्तरं तुझ्या दुकानातली दिली. अर्जावर माझी पदवी एका ओळीत आहे आणि तुझं दुकान सात ओळींत. आधी मी ते लिहिलंच नव्हतं. त्याचा कागद नाही म्हणून मला वाटलं ते मोजायचं नसतं. इथल्या एका काकूंनी माझे कान उपटले. अकाउंट्सची इथली परीक्षा मी देणार आहे, पुस्तकंही आणली आहेत. पण मला ती नोकरी करता करता द्यायची आहे, घरी बसून नाही.

त्यांना माझ्या आधीच्या मालकाशी बोलायचं होतं. मी पुण्याच्या साहेबांचं नाव देऊ शकलो असतो. तुझं दिलं. तुला न विचारता दिलं, त्याबद्दल माफ कर.

सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमारास तुला फोन येईल. नंबर परदेशातला दिसेल, कापू नकोस. बोलणारे गृहस्थ गुजराती आहेत, हिंदीत बोलतील. मी किती वर्षं काम केलं आणि कसं केलं ते विचारतील. जे होतं ते सांग. मी घाईत असलो की सुट्टे परत देताना गिऱ्हाइकाकडे बघत नाही, असं तू ओरडायचीस, तेही सांग. वाढवून काही सांगू नकोस. आणि मी हे काम करू नये असं तुला वाटत असेल तर तेही त्यांना न सांगता मला सांग, मी ऐकेन, पण मग काय करू तेही तूच सांग.

त्या वेळी झेरॉक्सचं मशीन बंद ठेव, नाहीतर काही ऐकू येणार नाही. आणि हळू बोलायला सांग त्यांना. फार चांगली माणसं आहेत, सांगितलं तर हळू बोलतील.

तुझा भाचा